विद्यार्थ्यांची मंडळे विद्यार्थ्यांच्या हाती द्या

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे पहिले नावाजलेले मंडळ मात्र त्याच्या नऊ वर्षे आधीचे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तेव्हा पदवी नव्हती, सिनेट नव्हती, कुलगुरू नव्हते; मंडळ होते. उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना हा क्रम आपण विसरतो, आणि त्या विसराळूपणाची किंमत आजची महाविद्यालये मोजत आहेत, असे माझे ठाम मत आहे.

सोसायटीचे काम सुरुवातीला साधेच होते. ठरल्या दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. प्राध्यापक पॅटन पाठीशी उभे होते. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही पुढे गाजलेली माणसे तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची. इंग्रजीतली चर्चा चार भिंतींच्या बाहेर जात नाही हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले, आणि मराठी व गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा; तिचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे आले. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. ज्यांना इंग्रजी शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, त्यांच्यापर्यंत नव्या विद्या मराठीतून पोहोचवायच्या, हा त्यामागचा हेतू.

पण या मंडळाचे खरे मोठे काम वेगळेच आहे. १८४९ मध्ये स्त्रीशिक्षणावरचा एक निबंध सोसायटीत वाचला गेला. नुसत्या निबंधावर थांबू नका, काहीतरी करा, असा आग्रह पॅटन यांनी धरला, आणि या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. पारशी मुलींसाठी आणि मराठी मुलींसाठी. शिकवायला पगारी शिक्षक नव्हते. सभासद स्वतःच सकाळी आपले काम सुरू होण्याआधी विनामोबदला शिकवत. मुली मिळवण्यासाठी ते घरोघर फिरले, आईबापांची बोलणी ऐकून घेतली, कुणाच्या पडवीत वर्ग भरवले. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात जागा दिली, कामा कुटुंबाने पैसा दिला. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले भिडेवाड्यात हेच काम अधिक कडवा विरोध सोसत करत होते. मुंबईतले हे काम मात्र एका विद्यार्थी मंडळाचे होते. सरकारने काढलेला आदेश त्यामागे नव्हता, अभ्यासक्रमातले गुण नव्हते, प्रमाणपत्र नव्हते.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हे शक्य कशाने झाले? पॅटनसारखा प्राध्यापक होता हे खरे, पण प्राध्यापकाने शाळा काढल्या नाहीत. त्याने ढकलले आणि तो बाजूला झाला. निर्णय मुलांचा होता, वर्गणी मुलांची होती, हिशेब मुलांनी ठेवला, वार्षिक अहवाल छापून शहरापुढे मांडला. शाळांचे पुढे काय होईल याची खात्री कुणालाच नव्हती. फसल्या असत्या तर नाचक्की त्यांचीच झाली असती. चुकण्याची मुभा आणि चुकीची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी एकाच हातात असल्या की मंडळ जिवंत राहते. एक काढून घेतली की दुसरीही जाते. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर उभे आहे.

या मंडळींचे कौतुक करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. एल्फिन्स्टनमध्ये पोहोचणारी मुले समाजाच्या वरच्या थरातली होती. मंडळात यायचे तर आधी महाविद्यालयात यावे लागते, आणि महाविद्यालयात यायचे तर शहरात राहायला जागा लागते. खेड्यातल्या, बहुजन आणि दलित मुलाला ती जागा कुणी देत नव्हते. म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यार्थी संघटनांची दुसरी परंपरा सभागृहात जन्मली नाही, ती वसतिगृहात जन्मली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगे निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बोर्डिंगांना जातींची नावे होती म्हणून आज कुणी नाक मुरडेल. पण ज्या मुलाला त्या काळी खोली मिळाली, त्याला चार सोबती मिळाले, रात्री दिव्याखाली बोलायला विषय मिळाला. खोलीशिवाय मंडळ होत नाही. कोल्हापूरच्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. मुलांनी स्वतः स्वयंपाक करायचा, स्वतः कष्टाची कामे करायची, एका पंगतीत जेवायचे. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. वसतिगृहाचा रोजचा कारभार सांभाळणारी ती मुले कुठल्याही डिबेटिंग सोसायटीपेक्षा लोकशाही जास्त शिकली असतील, असे मला वाटते.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा या दोन्ही धारा एकत्र आल्या. एकीकडे पुस्तके, वक्तृत्व, नाटक, दुसरीकडे वसतिगृह. मिलिंदच्या नागसेनवन परिसरात कविता वाचणारी, नाटके बसवणारी, अंक काढणारी मुले पुढे दलित साहित्याच्या चळवळीत उभी राहिली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात जमणाऱ्या तरुणांचा १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे. मराठी साहित्याचा चेहरा बदलण्याचे मोठे काम वसतिगृहाच्या खोल्यांमधून झाले, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी अभिमानाने सांगायला हवी. ती सांगताना फारसे कुणी दिसत नाही.

राजकारणाची धार त्याआधीपासून होतीच. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि फर्ग्युसनने सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. स्वतः सुधारक विचारांचे, विद्वान, मुलांवर लोभ असलेले. तरीही सरकारी अनुदान आणि सरकारी मर्जी यांचा विचार करून संस्थेने हात आखडता घेतला. चांगला प्राचार्यसुद्धा शेवटी संस्था सांभाळतो, आणि त्यात वावगे काही नाही. विद्यार्थ्यांना स्वतंत्र मंडळ हवे असते ते याच कारणाने. स्वातंत्र्यानंतर १९६७ मध्ये युवक क्रांती दल निघाले, वेगवेगळ्या पक्षांच्या विद्यार्थी शाखा वाढल्या. गोव्यात १९७८-७९ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून रस्त्यावर उतरून आंदोलन केले आणि ती मिळवली. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्या जळाल्या, माणसे मेली. विद्यार्थी संघटना म्हणजे सगळे मंगलच असते असे मी म्हणणार नाही. समाजात जे विष असते ते तिथेही उतरते.

आता १९८९ या वर्षाकडे येऊ. त्या वर्षी मार्चमध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले. देशाने महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना सांगितले की पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवायला तुम्ही लायक आहात. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. संताप योग्यच होता. त्या काळच्या निवडणुकांत पैसा, गुंड, पळवापळवी हे सगळे शिरले होते. आईबापांना धडकी भरत असे. पण त्यावरचा उपाय काय निघाला? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकाच बंद केल्या. मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी, आणि त्याच्या जोडीला एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक विभाग यांतून प्राचार्यांनी नेमलेले काही जण. त्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. खुनाची शिक्षा खुन्याला व्हायला हवी होती. ती राज्यातल्या लाखो विद्यार्थ्यांना झाली.

पहिल्या आलेल्या मुलीबद्दल मला आदरच आहे. पण गणितात नव्वद गुण मिळाले म्हणून तिने वर्गाच्या वतीने बोलावे, हे तिच्यावरही ओझे आहे आणि वर्गावरही अन्याय आहे. वर्गाने तिला पाठवलेले नाही, त्यामुळे वर्गाला ती उत्तर देणे लागत नाही. तिला नेमले प्राचार्यांनी, म्हणजे ती उत्तर देणार प्राचार्यांना. इथे प्रतिनिधित्वच उरले नाही.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही चूक कागदावर दुरुस्त केली. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांचा प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचे, अशी तरतूद आली. २०१८ मध्ये नियम झाले. २०१९ मध्ये निवडणुका होणार असे जाहीर झाले, मग त्या पुढे ढकलल्या; २०२० मध्ये कोरोना आला आणि विषय बासनात गेला. विधानसभेच्या निवडणुका त्या काळातही वेळेवर झाल्या, ग्रामपंचायतींच्या झाल्या. अठरा वर्षांची मुलगी आपल्या गावचा सरपंच निवडू शकते, पण महाविद्यालयातली जीएस, म्हणजे विद्यार्थी परिषदेची सचिव, निवडू शकत नाही.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मी हलके मानत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखून धरली. पोस्टर आणि रंगाने विद्रूप केलेल्या भिंती आधी साफ करा, असे न्यायालयाने बजावले. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत मर्यादित केला होता, छापील पोस्टरांना बंदी घातली होती, हजेरी आणि वयाच्या अटी घातल्या होत्या. नियम असूनही पैसा वाहतोच. हे खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष 'निवडणूक नको' असा असेल, तर मग नगरपालिका आणि जिल्हा परिषदाही बंद कराव्या लागतील. तिथे पैसा कमी वाहत नाही. आणि दिल्लीत न्यायालयाने निवडणूक रद्द केली नाही. भिंती साफ करायला लावल्या, मग मतमोजणी झाली. ज्याने घाण केली त्याने ती काढायची, हा धडा त्या मुलांना कुठल्या पाठ्यपुस्तकातून मिळाला असता?

निवडणुकांच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही माझे पूर्ण जमत नाही. 'विद्यार्थी निवडणुकांतून नेते घडतात' असे ते म्हणतात आणि मंत्र्यांची, मुख्यमंत्र्यांची यादी वाचून दाखवतात. यादी खोटी नाही, पण कसोटी चुकीची आहे. महाविद्यालयातून आमदार किती निघाले यावर मंडळाचे मोल ठरत नाही. हजार मुलांतला एक आमदार होईल, बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचे काय? त्यांना पुढे गृहनिर्माण सोसायटीची सभा चालवायची आहे, बचत गट, पतसंस्था, शाळेची पालक समिती, गणेश मंडळ चालवायचे आहे. इतिवृत्त कसे लिहायचे, ठराव कसा मांडायचा, हरलेल्या बाजूला बरोबर घेऊन काम कसे करायचे, जमाखर्च सर्वांसमोर कसा ठेवायचा, हे त्यांनी शिकायचे कुठे? आपल्या गावोगावच्या संस्था दोन माणसांच्या भांडणात मोडतात, हिशेबाच्या वादात कोर्टात जातात. त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

म्हणून मला परिषदेच्या निवडणुकीपेक्षाही साध्या मंडळांची काळजी जास्त आहे. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, नाट्य मंडळ, निसर्ग मंडळ. त्यांची आजची स्थिती पाहा. पत्रिकेवर अध्यक्ष म्हणून प्राचार्य, समन्वयक म्हणून प्राध्यापक, खाली कुठेतरी विद्यार्थी सदस्य. वक्ता कोण बोलवायचा ते समन्वयक ठरवतात. कार्यक्रमाआधी फ्लेक्स लागतो, दीपप्रज्वलन होते, दोन वर्गांना 'हजेरी लागेल' असे सांगून सभागृहात बसवतात. एक जण मोबाइल घेऊन पुढून, मागून, बाजूने फोटो काढतो. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटलेली हवी, कारण तो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागणार आहे. अशा एका कार्यक्रमात बोलायला मला बोलावले होते. बोलून झाल्यावर प्रश्न विचारायला एक मुलगा उठला, तर सूत्रसंचालकाने वेळेअभावी आभार मानायला घेतले. त्या मुलाचा प्रश्न मला कार्यक्रमानंतर जिन्यात ऐकायला मिळाला. प्रश्न चांगला होता: इथे वर्षभर काय व्हावे हे आम्हाला कधी विचारतील का?

यात त्या प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. कितीतरी पदे रिकामी, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, त्यात चार समित्यांची फाइल एकाच्या टेबलावर. नॅकची स्थापनाही योगायोगाने १९९४ चीच. ज्या वर्षी विद्यार्थ्यांचे मत गेले, त्याच वर्षी महाविद्यालयाचे मोजमाप करणारी संस्था आली. कार्यक्रम किती झाले हे मोजता येते. ते कुणी ठरवले, हे त्या मोजणीत ठळकपणे येत नाही. मग जे मोजले जाते तेच वाढते.

मंडळ विद्यार्थ्यांचे राहिले की काय होते, याचा दाखला पुण्यात दरवर्षी पावसाळ्यात दिसतो. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. स्पर्धा बाहेरच्या संस्थेची, पण संघ महाविद्यालयाचा. तालमी कॅन्टीनमागच्या जागेत, पार्किंगमध्ये, मिळेल तिथे. संहिता कुणाची घ्यायची, भूमिका कुणाला, बॅकस्टेजला कोण, यावर मुले भांडतात, रुसतात, रात्री उशिरापर्यंत थांबतात. पास होऊन गेलेले दादा-ताई नोकरी सांभाळून तालीम बघायला येतात आणि मोकळेपणाने वाभाडे काढतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक न देण्याचा निर्णय घेतला. वाद खूप झाला. पण एवढा वाद झाला, कारण मुलांना ती स्पर्धा आपली वाटते. नॅकच्या फाइलसाठी झालेल्या कार्यक्रमावर असा वाद होत नाही.

मग करायचे काय? पैशापासून सुरुवात करा. प्रवेशाच्या पावतीवर दरवर्षी जिमखाना, नियतकालिक, स्नेहसंमेलन, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी रक्कम घेतली जाते. ती विद्यार्थ्यांची आहे. कोणत्या नावाने किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, याचा ताळेबंद महाविद्यालयाने वर्षातून एकदा फलकावर लावावा. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ येऊ नये. त्यातला ठरावीक भाग प्रत्येक मंडळाला थेट द्यावा, आणि मंडळाचा खजिनदार विद्यार्थी असावा. प्राध्यापकाची सही सोबत असू द्या, पण पहिली सही विद्यार्थ्याची हवी. पहिल्या वर्षी हिशेबात चुका होतील. बिले हरवतील, चहाचा खर्च दुप्पट दिसेल. ते दुरुस्त करायला शिकवणे हेच प्राध्यापकाचे काम आहे.

दुसरे, जागा. प्रत्येक महाविद्यालयात मंडळांसाठी एक खोली, एक कपाट आणि त्याची किल्ली विद्यार्थ्यांकडे. जुने अंक, फोटो, इतिवृत्ते त्या कपाटात राहतील. आज एका तुकडीचे काम दुसरीला कळत नाही, कारण दरवर्षी सगळे नव्याने सुरू होते. मागच्या मुलांनी काय केले आणि कुठे फसले हे सांगणारे काहीच हाती नसते. वसतिगृहांच्या भोजन समित्याही निवडून आलेल्या विद्यार्थ्यांच्या असाव्यात. समाजकल्याणच्या वसतिगृहांत तर आधी, कारण तिथल्या मुलांचे ऐकणारे दुसरे कुणी नसते.

आणि निवडणूक. परिषदेच्या निवडणुका सरकार घेईल तेव्हा घेईल. त्यासाठी विद्यार्थी संघटनांनी, पक्ष कुठलाही असो, एकत्र दबाव आणला पाहिजे. पण वाङ्मय मंडळाचा सचिव निवडायला मंत्रालयातून आदेश यावा लागत नाही. सभासद जमवावेत, हात वर करून किंवा चिठ्ठी टाकून मतदान घ्यावे, निकाल फलकावर लावावा. मुंबईच्या पोलिस बंदोबस्तात नव्हे, एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रिकाम्या वर्गात दुपारी दोन वाजता हे होऊ शकते. जूनमध्ये प्रवेश होतात, जुलैत वर्ग भरतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मंडळाची सभा बोलावून सचिव आणि खजिनदार निवडून घ्यायचे, एवढे परिपत्रक प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने काढावे. त्याला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.